काडेपेटी कुणाकडे आहे?

प्रश्न : ताई, माझी मुलगी नववीत आहे. तिला डोंगरांची गोडी लागावी म्हणून तीन हजारांचे बूट घेतले, गिर्यारोहणाचे व्हिडिओ दाखवले, एका ग्रुपबरोबर हरिहरला नेलं. तिथे कातळातल्या पायऱ्यांवर तासभर रांगेत उभ्या होतो. घरी आल्यावर म्हणाली, "झालं ना आता?" तुम्हाला हे वेड पहिल्यांदा कशामुळे लागलं?
— एक आई, नाशिक

उत्तर : गव्हामुळे. हसू नका. 1978 चा जुलै, मी पंधरा वर्षांची. आमच्या डोंबिवलीच्या चाळीत रविवार म्हणजे गहू निवडायचा दिवस. मामा पाच मित्रांना घेऊन राजमाचीला निघाला होता. राजमाची म्हणजे काय, मला पत्ता नव्हता, पण तिथे गहू नसणार एवढं कळत होतं. आईच्या मागे भुणभुण लावली आणि पहाटेच्या लोकलने कर्जतला उतरले. पायात शाळेचे कॅनव्हासचे बूट, अंगात दादाची पँट.

कोंदिवड्याच्या पुढे पावसाने गाठलं. मामाने खिशातून पानाची ॲल्युमिनियमची डबी काढली, पानं मित्रांना वाटून टाकली, आत काडेपेटी ठेवली, वरून रबर लावलं आणि डबी माझ्या हातात दिली. "ही भिजली तर सात जणांचा चहा बुडाला." बस्स. त्यानंतर उल्हास नदीचं खोरं, धबधबे, ढग, मला काही दिसलं नाही. ओढ्यात घसरून गुडघा फुटला, डबीचा हात मात्र वर होता.

वाटेतल्या कोंढाणे लेण्यात मामाने स्टोला पंप मारला आणि माझ्यापुढे हात केला. पहिली काडी विझली, दुसरीही. तिसरी लागली. (लेण्यात स्टो पेटवू नये एवढी अक्कल तेव्हा आमच्यात नव्हती. आज कुणी पेटवला तर मी तिथेच भांडेन.) दुधाच्या पावडरचा चहा, त्याला रॉकेलचा वास. पण तिथून उधेवाडीपर्यंतची चढण मी मामाच्या पुढे चालले. वर श्रीवर्धन आणि मनरंजन, दोन्ही बालेकिल्ले धुक्यात. दिसलेच नाहीत. म्हणून तर पुढच्या महिन्यात परत गेले.

तेव्हापासून वाटेत भेटेल त्याला विचारत आले, तुम्ही कसे काय आलात? पुष्कळांचं मूळ दिवाळीतल्या मातीच्या किल्ल्यात सापडतं. त्यावर पेरलेले अळीव आणि बुरुजाएवढा उंच मावळा! मग चौथीचं इतिहासाचं पुस्तक. काही जण प्रेमात पडून येतात. ते लगेच ओळखू येतात, मुलगी दमायच्या आत तेच बसकण मारतात. नुसता देखावा बघून डोंगराला लागलो, असं सांगणारे मला फार भेटले नाहीत.

पक्षीतज्ज्ञ सलीम अलींची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. मुंबईतला लहान मुलगा छऱ्याच्या बंदुकीने चिमणी पाडतो, तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसतो. ही कुठली चिमणी, हे विचारायला त्याला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत पाठवतात ते त्याचे मामा. बघा, इथेही मामाच! मला आवडतो तो पुढचा भाग. तिथले मिलार्डसाहेब पोराला वाटेला लावत नाहीत, भुसा भरलेल्या पक्ष्यांचे खण एकामागून एक उघडून दाखवत बसतात.

तेव्हा व्हिडिओ राहू द्या. बुटांची हौस तुमची होती, तिची नव्हे. तुमच्याजवळ रामशेज किल्ला आहे, आशेवाडीतून तासाभरात वर पोचता. कधी जायचं, कुठली एसटी, डब्यात काय, सगळं तिला ठरवू द्या. वाटही तिनेच गावात विचारायची, तुम्ही मागून चालायचं. जरा भरकटली तर दहा मिनिटं तोंड उघडू नका, हे सगळ्यात अवघड. मोबाइल काढून घेऊ नका, परतीची गाडी त्यातच बघायची असते.

एवढं करून नाहीच आवडलं तर नाही. माझा मुलगा तीनदा आला आणि बुद्धिबळाकडे वळला. गहूही निवडत नाही.

प्रश्न : वय 62, निवृत्त. मित्र सिंहगडावर बोलावतात. खरं सांगू? मला ओढ आहे ती वरच्या पिठलं-भाकरीची आणि दह्याची. चालेल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : न चालायला काय झालं? फक्त आतकरवाडीतून पायी चढा, गाडीरस्त्याने नको. आधी डॉक्टरांना विचारून घ्या, रविवार टाळा, आणि काठी घ्या, कारण चढताना दम लागतो, पण गुडघे बोलतात ते उतरताना. दह्याचं एकच मडकं खा. खाली यायचंय.