वाचकांचे प्रश्न : स्पॉन्सरशिपचे पैसे कोणी भरायचे?

शिरोली एमआयडीसीत आठ वर्षं व्हीएमसीवर (संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर) काम करतो. वय ३४, आयटीआय मशिनिस्ट. एक एजंट सांगतो की ऑस्ट्रेलियाच्या लहान शहरांत कामगार मिळत नाहीत, तिथली कंपनी स्पॉन्सर करते. एकूण सहा लाख मागतोय, त्यातले चार ‘स्पॉन्सरशिप फी’ म्हणून. भरू का?

नका भरू. त्याचं पहिलं वाक्य खरं आहे, शेवटचं नाही.

सिडनी, मेलबर्न आणि ब्रिस्बेन ही तीन महानगरं वगळली, तर जवळपास सगळा ऑस्ट्रेलिया या कामासाठी ‘प्रादेशिक’ धरला जातो. पर्थ आणि ॲडलेडसुद्धा त्यात येतात. या भागातल्या मालकाला स्थानिक माणूस मिळाला नाही, तर तो परदेशी कामगाराला सबक्लास ४९४ या व्हिसावर बोलावू शकतो. नोव्हेंबर २०१९पासून सुरू असलेला हा व्हिसा पाच वर्षांचा असतो आणि त्यावर तीन वर्षं काढली की सबक्लास १९१मधून कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येतो.

स्पॉन्सर होण्याचा, नॉमिनेशनचा (ठरावीक पदासाठी कामगाराचं नाव सुचवण्याच्या अर्जाचा) आणि प्रशिक्षण निधीचा खर्च मालकाचा असतो. कामगार शोधण्याचा खर्चही त्याचाच. यातलं काहीही कामगाराकडून वसूल करायला तिथला कायदा मनाई करतो. स्पॉन्सरशिपच्या बदल्यात पैसे घेणं हा डिसेंबर २०१५पासून गुन्हा आहे आणि देणाराही त्यातून सुटत नाही, त्याला दंड होऊ शकतो, व्हिसाही रद्द होऊ शकतो. म्हणजे चार लाख भरून तुम्ही स्वतःविरुद्धचा पुरावाच तयार करून ठेवाल. तुमच्या खिशातून जातं ते कौशल्य तपासणी, इंग्रजीची परीक्षा, वैद्यकीय तपासणी आणि व्हिसाची फी.

आपल्याकडे परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्या एजंटाकडे १९८३च्या उत्प्रवास कायद्याखालचं नोंदणीपत्र लागतं. त्याला कामगाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी घेता येतो. नोंदणी क्रमांक मागा आणि भारत सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर स्वतः टाकून बघा. ‘ऑफिसला या, दाखवतो’ असं उत्तर आलं तर जाऊ नका.

आता तुमच्या कामाकडे. ऑस्ट्रेलियाच्या व्यवसाययादीत तुमच्यासाठी व्यवसायाचं नाव ‘फर्स्ट क्लास मेटल मशिनिस्ट’, सांकेतांक ३२३२१४. त्यासाठी किमान तीन वर्षांचा कुशल अनुभव आणि कौशल्य तपासणी लागते. आपल्याकडची पोरं अडकतात ती इथे. मशीनवरचा जॉब (धातूचा तुकडा) बदलून सायकल स्टार्टचं बटण दाबणारा आणि ड्रॉइंग वाचून सेटिंग करणारा, या दोघांनाही कारखान्यात ‘व्हीएमसी ऑपरेटर’च म्हणतात. तपासणाऱ्याला दुसरा हवा असतो. वर्क ऑफसेट कसा घेता, टूल लेंग्थ कुठून मोजता, बोअर २० मायक्रॉन मोठा यायला लागला तर आधी काय बघता, असं विचारलं तर न अडखळता सांगता आलं पाहिजे. ‘सुपरवायझरला बोलावतो’ हे उत्तर कारखान्यात चालतं, तिथे नाही. आत्ता नुसतं लोडिंग-अनलोडिंग करत असाल, तर एजंटामागे धावण्याआधी वर्षभर सेटरबरोबर काम करा.

इंग्रजीसाठी आयेल्ट्समध्ये चारही भागांत प्रत्येकी ६ हवेत. सरासरी साडेसहा येऊन लेखनात साडेपाच पडले तरी नापास. घरबसल्या ऑनलाइन दिलेली परीक्षा धरत नाहीत.

मी मूळचा कागलचा, ऑस्ट्रेलियात टूवूम्बाजवळ छोटं मशीन शॉप चालवतो. दोन मशिनिस्ट कोल्हापूरहून आणायचे आहेत, त्यातला एक मेहुणा. सुरुवात कुठून करू?

मेहुण्यापासून नको, जाहिरातीपासून करा.

स्थानिक माणूस मिळत नाही हे आधी कागदावर दाखवावं लागतं. किमान दोन जाहिराती, प्रत्येक किमान २८ दिवस, देशभर दिसणाऱ्या नोकरीच्या संकेतस्थळावर. फेसबुकवरची पोस्ट किंवा किरकोळ खरेदी-विक्रीच्या साइटवरची जाहिरात यात धरत नाहीत. पदाचं नाव, लागणारी कौशल्यं आणि कंपनीचं किंवा भरती एजन्सीचं नाव जाहिरातीत हवं. पगार वर्षाला ९६,४०० ऑस्ट्रेलियन डॉलरपेक्षा कमी असेल तर तोही छापावा लागतो. बरेच जण ‘पगार चर्चेनुसार’ लिहून महिना वाया घालवतात आणि पुन्हा पहिल्यापासून जाहिरात देतात. किती अर्ज आले आणि का नाकारले, याची नोंद रोजच्या रोज ठेवा. नंतर आठवून लिहिलेली यादी ओळखू येते.

दरम्यान स्पॉन्सर म्हणून मंजुरीचा अर्ज टाका. फी ४२० डॉलर, मंजुरी पाच वर्षं चालते. मग प्रत्येक कामगाराचं वेगळं नॉमिनेशन. त्याबरोबर एकदाच भरायचा प्रशिक्षण निधी: वार्षिक उलाढाल एक कोटी डॉलरच्या आत असेल तर माणशी ३,००० डॉलर, नाहीतर ५,०००. तुम्ही देणार असलेला पगार त्या भागातल्या बाजाराला धरून आहे का, यावर प्रादेशिक प्रमाणन संस्थेचं मत घ्यावं लागतं. तिची फी वेगळी.

पगाराला दोन कुंपणं आहेत. एक किमान रक्कम, १ जुलै २०२५पासून वर्षाला ७६,५१५ डॉलर. ती दर १ जुलैला बदलते, म्हणून अर्जाच्या दिवशीचा आकडा बघा. दुसरं, त्याच कामाला तिथल्या माणसाला जे मिळतं त्यापेक्षा कमी देता येत नाही. राहायला खोली आणि जेवण देऊन रोख पगार कमी करू, हा आपल्याकडचा हिशेब इथे बसत नाही.

नातेवाईक घेऊ नये असा नियम नाही. पण पद खरं आहे की माणसासाठी बनवलंय, हे अधिकारी बघतो. दुकानात एकच व्हीएमसी आणि मशिनिस्ट तीन, असं असेल तर संशय घेणारच. मशीनची यादी, ऑर्डरबुक, ओव्हरटाइमच्या नोंदी जोडा. काम पूर्ण वेळाचं आणि पाच वर्षं टिकेल असं दिसलं पाहिजे.

गोकुळ शिरगावला फाउंड्रीत मोल्डर (वाळूचे साचे बनवणारा) आहे. वय ४३. ठेकेदाराकडून रोख पगार, पीएफ नाही, आयटीआय नाही. काही मार्ग?

सरळ सांगायचं तर अवघड आहे, आणि वयापेक्षा कागदांमुळे जास्त. ४९४साठी अर्जाच्या दिवशी वय ४५च्या आत लागतं, म्हणजे वेळ थोडा आहे. आयटीआय नसेल तर जास्त वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो, आणि रोख पगाराला पुरावा कसला?

आजपासून पगार बँकेत घ्या आणि पीएफसाठी ठेकेदाराच्या मागे लागा. मागच्या वर्षांसाठी ठेकेदाराचं नाही, फाउंड्रीचं लेटरहेडवरचं पत्र मिळवा. त्यात कधीपासून कधीपर्यंत, आठवड्याला किती तास आणि नेमकं काम हवं: ग्रीन सँड की नो-बेक, कोअर बसवणं, रनर-रायझर, ओतकाम, कुठल्या वजनाचं कास्टिंग. सही करणाऱ्याचं नाव, हुद्दा आणि चालू फोन नंबर हवाच. पडताळणीला फोन येतो आणि ‘असा कोणी नाही’ म्हणणारा वॉचमन उचलतो, असं होऊ देऊ नका. खोटं पत्र मात्र चुकूनही नको. ते सापडलं तर तीन वर्षं बहुतेक व्हिसांसाठी दार बंद.

ऑस्ट्रेलियातल्या काही भागांनी तिथल्या केंद्र सरकारशी वेगळे करार केले आहेत, उदाहरणार्थ नॉर्दर्न टेरिटरी आणि व्हिक्टोरियातली गोलबर्न व्हॅली. त्यांत काही व्यवसायांना वयाची आणि इंग्रजीची सवलत मिळते. पण तिथेही अर्जाची सुरुवात मालक करतो, कामगाराला स्वतःहून शिरता येत नाही.

आणखी एक. वाळूत वर्षानुवर्षं काम केलेल्यांच्या छातीच्या एक्स-रेत डाग दिसू शकतो. मग क्षयरोग नाही हे बघायला थुंकीचं कल्चर मागतात, त्याला सहा ते आठ आठवडे जातात. तपासणी ऑस्ट्रेलियाने नेमलेल्या डॉक्टरांकडेच होते, पण त्याआधी कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात साधा एक्स-रे काढून घ्या. व्हिसा राहू दे, फुप्फुसासाठी तरी.

तिकडे गेल्यावर नोकरी सुटली तर? बायको-मुलांचं काय?

एका वेळी १८० दिवस आणि व्हिसाच्या काळात एकूण ३६५ दिवस दुसरा स्पॉन्सर शोधायला मिळतात. नवा मालकही प्रादेशिक भागातलाच हवा. त्याचं नॉमिनेशन त्याच व्यवसायासाठी मंजूर झालं की मग त्याच्याकडे कामाला लागायचं.

बायको-मुलं त्याच अर्जात घेता येतात, बायकोला कामाचीही मुभा असते, पण राहायचं तिनेही प्रादेशिक भागातच. सगळ्यांची नावं पासपोर्ट, आधार आणि दाखल्यांवर जुळवून घ्या. लग्नाआधीचं नाव एका कागदावर आणि नंतरचं दुसऱ्यावर असेल तर विवाह नोंदणीचा दाखला आत्ताच काढून ठेवा. आणि तीन वर्षांचे तिथले आयकराचे निर्धारण आदेश जपा, १९१साठी तेच मागतात.