नाताळ, करंज्या आणि तुझी अकरा कलमं

बोर्नव्हिल, बर्मिंगहॅम
३ डिसेंबर

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं, दुसऱ्यांदा वाचताना जरा धास्तीच वाटली. वर ठळक अक्षरांत ‘आमच्या घरचा पहिला क्वेकर नाताळ’ आणि खाली अकरा कलमं. (साधेपणा आणि मौनातली प्रार्थना मानणाऱ्या या ख्रिस्ती पंथात तू नवा आहेस, हे कळतंच.) झाड नाही, दिवे नाहीत, भेटवस्तू नाहीत, सांताक्लॉज नाही, टर्की नाही. (नगरच्या घरात टर्की कधी शिजली होती रे, जी आता सोडायची?) आणि अकरावं कलम, ‘आईला हे सगळं नीट समजावणे’. ती पंधराला येतेय ना? म्हणजे सात हजार किलोमीटर उडून आलेल्या बाईच्या हातात चहाच्या आधी नियमावली.

काही राहून गेलं का, असं विचारलंयस. राहिलंय. तुझ्या बायकोला काय वाटतं ते या चार पानांत कुठंच नाही. सहा वर्षांच्या लेकीचं तर नाहीच नाही.

पण आधी तुझी बाजू घेते, कारण तू वाचलंयस ते खरं आहे. सुरुवातीचे फ्रेंड्स, म्हणजे क्वेकर, नाताळ पाळत नसत. एक दिवस पवित्र मानला की उरलेले तीनशे चौसष्ट आपोआप कमी पवित्र ठरतात, हे त्यांना पटत नव्हतं. बाप्तिस्मा नाही, प्रभुभोजन नाही, तसाच सणही नाही. महिन्यांची नावं जुन्या देवांवरून पडलेली म्हणून ते आकड्यांनी महिने मोजत. १७५२ पर्यंत इंग्लंडात वर्ष मार्चला सुरू व्हायचं, त्यामुळे त्यांच्या लेखी डिसेंबर म्हणजे ‘दहावा महिना’. पंचवीस तारखेला त्यांची दुकानं उघडी असत, आणि त्यापायी त्यांनी शेजाऱ्यांचा त्रासही सोसला.

हे सगळं तू मला लिहिलंस, पण पंथाच्या संस्थापकाची, जॉर्ज फॉक्सची, गोष्ट लिहिली नाहीस. त्याच्या रोजनिशीत तो तरुणपणातलं सांगतो, की ज्याला लोक नाताळ म्हणतात ते दिवस आले, इतर जण खाण्यापिण्यात रमले, की मी गरीब विधवांची घरं शोधत दारोदार जायचो आणि त्यांना थोडे पैसे द्यायचो. त्याच ओघात पुढं लग्नांचं येतं. आमंत्रण आलं तरी तो लग्नाला जात नसे, पण दुसऱ्या दिवशी किंवा लवकरच त्या घरी जाऊन यायचा, आणि माणसं गरीब असली तर काही देऊन यायचा. मला यातला दुसरा दिवस फार आवडतो. मांडव उतरलाय, पाहुणे पांगलेत, उधारी तेवढी उरलीय, आणि तेव्हा हा माणूस दारात. त्यानं सण सोडला हे तुझ्या लक्षात राहिलं. सोडून तो कुठं गेला, तेही बघ.

आता माझी गोष्ट. ही मीटिंगमध्ये, म्हणजे आपल्या रविवारच्या मौनाच्या प्रार्थनासभेत, मी कुणाला सांगितलेली नाही.

१९९१ साली मी तुझ्यासारखीच होते. रुग्णालयात नर्स, मीटिंगला जायला लागून तीनेक वर्षं झालेली, अंगात नवा वारा. आमच्याकडे सासूबाई आल्या होत्या, नगरहूनच. मी आधीच पत्रानं कळवलं होतं, की यंदा आमच्याकडे भेटवस्तू नाहीत, साधेपणानं करायचं ठरवलंय. ‘ठरवलंय’ म्हणजे मी ठरवलं होतं. नवरा गप्प बसला, आणि ते मौन मी संमती समजले. पंचवीसला मी सगळ्यांना अर्धा तास शांत बसवलं. सासूबाई पदर डोक्यावर घेऊन बसल्या होत्या, डोळे मिटून, अगदी शहाण्यासारख्या. मला वाटलं, केवढं सुंदर झालं!

जानेवारीत त्यांना सोडायला हीथ्रोला गेलो. वजनकाट्यावर बॅग दोन किलो जास्त भरली, म्हणून तिथंच फरशीवर उघडली. वर स्वेटर, त्याखाली माझ्या नणंदेसाठी घेतलेली चॉकलेटं, आणि तळाशी मराठी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. मी काढलं तर जांभळ्या खणाचा फ्रॉक. हातशिलाईचा, गळ्याला पांढरी लेस, खाली चार बोटं दुमड ठेवलेली, वाढत्या अंगाची म्हणून. माझी लेक तेव्हा चार वर्षांची. सासूबाईंनी तो नगरहून आणला, महिनाभर पलंगाखालच्या बॅगेत ठेवला आणि परत घेऊन चालल्या होत्या.

मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, “राहू दे गं. तुमच्यात चालत नाही ना.”

रागानं नाही बोलल्या. ‘तुम्ही कांदा खात नाही ना’ असं विचारावं, तसं. त्या क्षणी मला कळलं, की मी साधी झाले नव्हते. माझ्या साधेपणाचं बिल दुसरीनं भरलं होतं. फ्रॉक मी मागून घेतला. लेकीनं तो मार्चपर्यंत अंगावरून उतरवला नाही. पण देणारीला तो घालताना बघता आला नाही, आणि त्याची भरपाई नाही.

आपल्या सल्ल्यांच्या आणि प्रश्नांच्या पुस्तिकेतलं एकेचाळिसावं कलम तू मला उतरवून पाठवलंयस, साधं जगायचा प्रयत्न करा असं सांगणारं. त्याच्या पुढच्याच वाक्यात आहे, की साधी राहणी आपखुशीनं निवडलेली असेल तर तिच्यातून बळ मिळतं. ‘आपखुशीनं’ या शब्दाखाली पेन्सिलीनं रेघ ओढ. आणि जमलं तर सतरावंही वाच. त्याचा शेवट असा आहे, की आपलं चुकत असेल ही शक्यता मनात असू दे. बेचाळीस कलमांत मला सगळ्यात जड गेलेलं तेच.

मग करायचं काय? पुढच्या वर्षी आम्ही केलं ते सांगते. तुला जमेल तेवढं घे. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी जेवणं झाल्यावर चौघं टेबलाशी बसलो. सासूबाई त्या वर्षीही आल्या होत्या, देवाची कृपा. दोन मिनिटं शांत, मग प्रत्येकानं एकच गोष्ट सांगायची, जी नसली तर मला नाताळ वाटणार नाही. मत मोजायचं नाही, खोडून काढायचं नाही. मीटिंगच्या कामकाजात जसं क्लार्क, म्हणजे सभा चालवणारा, सगळ्यांचं ऐकून मग एक वाक्य लिहितो आणि सगळे ‘हो, असंच’ म्हणेपर्यंत थांबतो, तसं. सासूबाई म्हणाल्या, दारावर तारा. नवरा म्हणाला, करंज्या, आणि त्या शेजारी वाटायच्या. (इतकी वर्षं या माणसाला हे हवं होतं आणि मला पत्ता नव्हता.) लेक म्हणाली, मोजा, म्हणजे पायमोजा, रात्री टांगायचा. मी म्हटलं, फॉक्सचा दुसरा दिवस.

चारही झालं. बांबूच्या काड्या इथं बागेच्या दुकानात मिळतात, त्यांचा तारा केला, लाल जिलेटीन लावून. करंज्या डावीकडच्या वेल्श म्हाताऱ्यांना आणि उजवीकडच्या शीख कुटुंबाला. नगरला दिवाळीत शेजारून ताट यायचं आणि नाताळात आपल्याकडून परत जायचं, ते ताट रिकामं कधी गेलं नाही. तेच इथं सुरू झालं. आणि सव्वीस-सत्तावीसला, सगळ्यांचे पाहुणे गेले की, आम्ही एका एकट्या माणसाच्या घरी जातो. कधी त्याची गाडी बंद पडलेली असते, कधी नुसतं बोलायचं असतं. पाकीट द्यायचं असेल तर ते डब्याखाली ठेवून यायचं, हातात द्यायचं नाही.

भेटवस्तूंना मी आता बंदी घालत नाही. एक माणूस, एक वस्तू, आणि होता होईतो हातची. पण आजीला हा नियम लागू नाही. आजी हा अपवाद आहे, आणि याबद्दल मी कुठल्याही मीटिंगपुढं उभी राहायला तयार आहे.

सांताक्लॉजचं तू फार मनावर घेतलंयस. खरेपणा ही आपली साक्ष, म्हणजे जगून दाखवायचं तत्त्व, आहे हे कबूल. कोर्टात शपथ घेतली तर एरवी आपण खोटं बोलतो असा अर्थ होईल, म्हणून जुन्या क्वेकरांनी शपथ नाकारली आणि तुरुंगात गेले. शेवटी १६९६ साली कायद्यानं त्यांना शपथेऐवजी नुसतं प्रतिज्ञेवर सांगायची मुभा दिली. दुकानात एकच भाव, घासाघीस नाही, तेही याचपायी. पण लेकीनं विचारलेलंच नसताना तिला बसवून ‘सांता नसतो’ सांगणं याला मी खरेपणा म्हणत नाही, घाई म्हणते. ती शाळेत जाऊन तीस मुलांना सांगेल, आणि मग तू संध्याकाळी तीस आयांना तोंड दे. तू स्वतःहून खोटं रचू नकोस. चिमणीतून आला, हरणं होती, असलं काही सांगू नकोस. मोजा टांग, खेळ म्हणून. ज्या दिवशी ती तुझ्या डोळ्यांत बघून ‘बाबा, खरं सांगा’ म्हणेल, त्या दिवशी एका शब्दाचाही फेरफार न करता सांग. माझ्या लेकीनं सातव्या वर्षी विचारलं. मी सांगितलं. ती म्हणाली, “मला माहीत होतं, पण आजीला सांगू नको.”

आता जरा कडू बोलते. तुझ्या अकरा कलमांत समतेबद्दल एक अक्षर नाही. जुने क्वेकर न्यायाधीशालाही ‘तू’ म्हणायचे आणि त्याच्यापुढं टोपी काढायचे नाहीत, हे तू मला मोठ्या कौतुकानं लिहिलंस. मग सांग, पंचवीसला तू बैठकीत शांत बसलेला असताना ओव्हनशी कोण असणार आहे? करंज्यांचं सारण कोण परतणार, कातण कोण फिरवणार, आणि चौदा ताटं कोण घासणार? आमच्या मीटिंगमध्ये चहानंतरचे कप धुवायची पाळी असते आणि यादीत पुरुषांची नावं असतात. ती यादी तुझ्या स्वयंपाकघरात लावलीस तर माझ्या मते तुझा नाताळ निम्मा क्वेकर झाला. करंज्या लाटणं अवघड नाही. कडा नीट दाबल्या नाहीत की तेलात फुटतात, एवढंच. दुधाचं बोट फिरवून दाब.

मौन ठेव, जरूर ठेव. पण अर्धा तास नको. जेवायच्या आधी सगळ्यांनी हात धरायचे, एखादं मिनिट. लेकीला चुळबुळ करू दे. आणि आई मोठ्यानं प्रार्थना करायला लागली तर कपाळाला आठ्या घालू नकोस. मीटिंगमध्ये ज्याला आतून हाक येते तो उठून बोलतोच की! आईला रोज दोन्ही जेवणांना हाक येते, त्याला तू काय करणार? तिचं झालं की ‘आमेन’ म्हण. घशात अडकणार नाही.

क्वेकर म्हणजे सगळीकडं इथल्यासारखेच, असंही समजू नकोस. जगात सगळ्यात जास्त फ्रेंड्स केनियात आहेत. त्यांच्याकडे पाळक असतात, गाणी असतात आणि नाताळ दणक्यात होतो. फार कशाला, आमची बोर्नव्हिलची १९०५ सालची मीटिंगची इमारत बघ. मौनात बसणाऱ्यांची जागा, आणि आत चक्क ऑर्गन! आणि डिसेंबरात या देशात घरोघरी चॉकलेटचे डबे फुटतात, त्यातली कॅडबरी, राऊनट्री, फ्राय ही तिन्ही घराणी मूळची क्वेकरांची. ज्यांच्या पणज्यांनी पंचवीसला दुकान उघडं ठेवलं, त्यांच्या मालावर अख्ख्या इंग्लंडचा नाताळ गोड होतो. फॉक्स काय म्हणाला असता कोण जाणे.

झाडाचं मला विचारू नकोस. मला स्वतःला ते आवडत नाही, सुया गालिच्यातून ईस्टरपर्यंत निघतात. पण तुझ्या बायकोला विचार. आज रात्रीच विचार, आणि ती बोलत असताना मध्ये तोंड घालू नकोस.

खसखस आणि खोबरं इथं मिळतं, आईला बॅगेत कोंबायला लावू नकोस. ती जे काही वर्तमानपत्रात गुंडाळून आणेल, ते ती आल्या दिवशीच उघडायला लाव, पंचवीसची वाट बघू नकोस. आणि तिला रविवारी मीटिंगला आणणार असशील तर दहा मिनिटं आधी ये. रेडिएटरजवळची खुर्ची मी धरून ठेवते. चपला काढाव्या लागत नाहीत हे तिला आधीच सांग, नाहीतर माझ्या सासूबाईंसारखी दारातच मोज्यांवर उभी राहील.

तुझी,
मावशी

ता.क. अकरा कलमांचा कागद परत पाठवतेय. मागची बाजू कोरी आहे, सारणाचं प्रमाण त्यावर लिहून घे.