कॉलेजच्या आईस हॉकी संघात खेळताना मुलीचा अभ्यास होतो का?

विचारणाऱ्या ताईंची मुलगी मिनेसोटात अकरावीत शिकते, शाळेच्या संघात आईस हॉकी खेळते आणि पुढे कॉलेजातही तिला खेळायचे आहे. सीझन किती लांब असतो, त्यात इंजिनिअरिंग झेपते का, आणि "मुलींच्या हॉकीत धडक मारायचीही परवानगी नाही, मग त्यासाठी एवढा आटापिटा कशाला" असे म्हणणाऱ्या घरच्यांना काय सांगावे, असे त्यांनी विचारले आहे.

पहिल्या भागाचे उत्तर थोडक्यात देते. सामने सप्टेंबरअखेरीस सुरू होतात आणि राष्ट्रीय अजिंक्यपदाची अंतिम लढत मार्चच्या उत्तरार्धात होते. बहुतेक आठवड्यांत शुक्रवारी आणि शनिवारी एकाच प्रतिस्पर्ध्याशी लागोपाठ दोन सामने असतात. विस्कॉन्सिन, मिनेसोटा, ओहायो स्टेट हे संघ ज्या डब्ल्यूसीएचए लीगमध्ये खेळतात, तिथे आठ संघ एकमेकांशी चार-चार वेळा भिडतात, म्हणजे लीगचेच 28 सामने झाले. सराव आणि सामने मिळून आठवड्याला 20 तासांची मर्यादा नियमाने घातलेली आहे. मात्र प्रवास त्यात धरत नाहीत, आणि विस्कॉन्सिनच्या मॅडिसनहून याच लीगमधल्या बेमिजीला रस्त्याने जायचे तर सात-आठ तास सहज जातात. अभ्यास होतो तो याच प्रवासात, मांडीवर लॅपटॉप ठेवून. माझी मुलगी एका लहान कॉलेजच्या डिव्हिजन थ्री, म्हणजे कॉलेज खेळांच्या तिसऱ्या श्रेणीतल्या, संघात बचावफळीत खेळली आणि केमिकल इंजिनिअरिंग वेळेत पूर्ण करून बाहेर पडली, त्यामुळे हे मी ऐकीव सांगत नाही.

मला लिहायला बसवले ते मात्र तुमच्या घरच्यांच्या वाक्याने, कारण तेच वाक्य आमच्याकडे दिवाळीच्या पंगतीत, मुलगी समोर बसलेली असताना, माझ्या थोरल्या दिरांनी उच्चारले होते. भाऊजी न्यू जर्सीत राहतात आणि डेव्हिल्स या तिथल्या पुरुषांच्या व्यावसायिक आईस हॉकी संघाचे जुने चाहते आहेत. धडक नसलेली हॉकी म्हणजे लुटुपुटूचा खेळ, असे त्यांनी जाहीर केले आणि शिक्षणाच्या वयात मुलीने हे करावे का, अशी पुस्तीही जोडली. मुलगी काही बोलली नाही. जेवण आटोपून ती गॅरेजमध्ये गेली आणि स्टिकच्या पात्यावरची जुनी टेप सोलून टाचेकडून टोकाकडे नवी टेप गुंडाळत बसली. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवायचा, सुरकुती पडली की उलगडून पुन्हा घालायचा. मी मात्र तो वाद मनातून काढला नाही, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

मार्च 2025 मध्ये भाऊजी आमच्याकडे मॅडिसनला आले असताना विस्कॉन्सिनचा महिला संघ अंतिम फेरीत पोहोचला होता. आम्ही त्यांना गाडीत घातले आणि मिनिॲपोलिसच्या रिडर अरीनात नेले. त्या मोसमात विस्कॉन्सिनने चाळीस सामन्यांत एकच पराभव पत्करला होता. केसी ओब्रायनला आदल्याच दिवशी कॉलेजातील सर्वोत्तम महिला खेळाडूचा पॅटी काझमायर पुरस्कार मिळाला होता. समोर ओहायो स्टेट होता, ज्याने 2024 च्या अंतिम सामन्यात याच संघाला 1-0 असे हरवले होते.

धडक नसते याचा अर्थ अंगाला अंग लागत नाही असा नव्हे. पकवरचा, म्हणजे बर्फावर सरकणाऱ्या रबरी चकतीवरचा, ताबा मिळवताना खांदे भिडतात, कठड्यापाशी रेटारेटी होते. मनाई आहे ती धावत येऊन समोरचीला आडवे करण्याला. त्यामुळे सामना ठरतो तो हातांच्या कौशल्यावर, नजरेवर आणि पक आपल्याकडे येण्याआधीच पुढचा पास दिसण्यावर, आणि माझ्या मते हीच हॉकी अधिक अवघड आहे. भाऊजींचे मत अर्थातच वेगळे होते आणि तिसऱ्या सत्रापर्यंत ते आम्हाला ऐकवत होते.

शेवटच्या मिनिटात ओहायो स्टेट 3-2 असा पुढे होता. गोलसमोर झुंबड उडाली, शिट्टी वाजली, आणि विस्कॉन्सिनचे प्रशिक्षक मार्क जॉन्सन यांनी चित्रफीत तपासण्याची मागणी केली. ओहायो स्टेटच्या खेळाडूने गोलपुढच्या निळ्या पट्ट्यात पक हाताने दाबल्याचे पंचांना दिसले, आणि अशा वेळी नियम पेनल्टी शॉट देतो: बाकी सर्वांनी बाजूला व्हायचे, मध्यावर ठेवलेला पक घेऊन एकीने निघायचे आणि समोर फक्त गोलरक्षक. घड्याळात 18.9 सेकंद उरले होते. कर्स्टन सिम्स निघाली आणि तिने गोल केला. जादा वेळेची तीन मिनिटेही झाली नसताना तिनेच परत आलेला पक जाळ्यात ढकलला आणि विस्कॉन्सिनने 4-3 अशा फरकाने आठवे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. भाऊजी उभे होते, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले.

परतीच्या वाटेवर मी त्यांना सांगितले की हे जॉन्सन म्हणजे 1980 च्या लेक प्लॅसिड ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेने सोव्हिएत संघाला हरवले त्या सामन्यात दोन गोल करणारे जॉन्सन. तो अमेरिकन संघ भाऊजींच्या देव्हाऱ्यातला, पण त्यातला माणूस 2002 पासून मुलींचा संघ घडवतो आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. पुढे ओब्रायनला व्यावसायिक लीगच्या न्यूयॉर्क सायरन्सने निवडले आणि त्यांचे घरचे मैदान नेवार्कचे प्रुडेन्शियल सेंटर, म्हणजे डेव्हिल्सचेच. भाऊजींनी अजून तिकीट काढलेले नाही. मी दर फोनला विचारते.

तेव्हा ताई, घरच्यांना समजावण्यात वेळ घालवू नका, एकदा सामन्याला न्या. आणि ज्यांनी मुलीला पहाटेच्या सरावाला एकदाही सोडलेले नाही, तिची ओली बॅग एकदाही उचललेली नाही, त्यांचे मत ऐकून घ्यावे आणि सोडून द्यावे.

आता काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या, त्या सांगते. विस्कॉन्सिनवरून सगळ्या कॉलेजांचा अंदाज बांधू नका. बहुतेक मुली रिकाम्या खुर्च्यांसमोर खेळतात आणि चौथ्या फळीतल्या मुलीला बर्फावर फार थोडा वेळ मिळतो. डिव्हिजन थ्रीमध्ये आणि आयव्ही लीगमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती मिळत नाही, आर्थिक गरजेनुसार मिळणारी मदत वेगळी. धडकेला मनाई असली तरी डोक्याला मार बसतो. तसे झाले तर अभ्यास आणि खेळ दोन्ही थांबवावे लागतात, आणि तिथे मुलीच्या उत्साहापेक्षा डॉक्टरांचे ऐकायचे. इंजिनिअरिंगची खरी अडचण असते ती शुक्रवारी दुपारच्या प्रयोगशाळेची, कारण बस त्याआधीच निघालेली असते. कॉलेज पाहायला जाल तेव्हा प्रशिक्षकांना हा एक प्रश्न नक्की विचारा, आणि त्यांच्या उत्तरावर न थांबता संघातल्या इंजिनिअरिंगच्या एखाद्या मुलीलाही तोच विचारा.