मुरूम लागेपर्यंत खोदा, पण खड्डा झाकू नका

भाऊ, तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: दारव्ह्याकडे सभागृहाचं सरकारी काम घेतलं, अंदाजपत्रकात दीड मीटरवर कठीण मुरूम दाखवलाय, आणि खोदलं तर तीन मीटरवरही काळी मातीच. शाखा अभियंता तोंडी म्हणतात, "मुरूम लागेपर्यंत जा, मग बघू." जास्तीचे पैसे मिळतील का?

मिळू शकतात. फक्त आज काँक्रीट ओतू नका.

पंधरा वर्षांपूर्वी आर्णी तालुक्यात मी एका मोरीचं काम केलं. एका पायाखाली अडीच मीटर जास्त गेलो, पाणी लागलं, दोन पंप रात्रंदिवस चालले. "हो" म्हणणारे साहेब बिल निघेपर्यंत बदलून गेले. नवीन साहेबांनी एम.बी. (खात्याची मोजमाप वही) उघडली, त्यात अंदाजपत्रकातलीच खोली लिहिलेली. पाया तर मातीखाली गेलेला, दाखवू काय? डिझेलची उधारी फेडायला त्या वर्षीची कपाशी गेली.

म्हणून आजच कार्यकारी अभियंत्याच्या नावानं पत्र द्या, प्रत उपअभियंत्याला, आणि आवक शिक्का घ्या. भाषा साधी ठेवा: अमुक तारखेला, अमुक खड्ड्यात, इतक्या खोलीवर अंदाजपत्रकातला थर मिळाला नाही, पाहणी करून लेखी आदेश द्यावा. तुमचा करार बी-1 नमुन्यावर (बांधकाम खात्याचा छापील करारनामा) असेल तर मुदतवाढीचा अर्ज कलम 6 खाली अडथळा आल्यापासून 30 दिवसांत द्यावा लागतो, तो वेगळा द्या. काही मोठ्या कामांत फिडिकचा (आंतरराष्ट्रीय अभियंता संघटनेच्या नमुन्याचा) करार असतो, तिथे नोटिशीला 28 दिवस. दिवस मोजत बसू नका, आजच लिहा.

मग संयुक्त मोजमाप. खड्ड्यात स्टाफ (आकडे छापलेली मोजपट्टी) उभा करा, शेजारी पाटीवर खडूनं तारीख, खड्डा क्रमांक आणि खोली लिहा, आकडे वाचता येतील असा फोटो काढा. थर बदलला की तिथली लेव्हल (उंची-खोलीचं माप) घ्या. मऊ मुरूम कुठे, कठीण कुठे, हे शाखा अभियंत्याच्या सहीनं एम.बी.त उतरलं पाहिजे. तळाची माती पिशवीत बांधून जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत द्या. फुगण्याची चाचणी साधी असते: चाळलेली 10 ग्रॅम माती एका नळीत पाण्यात, तेवढीच दुसरीत रॉकेलमध्ये, आणि 24 तासांनी दोन्हींतला फरक बघायचा. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. तो कागद तुमच्या पत्राला वजन देतो.

पैशाचं म्हणाल तर दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. तीच खोदाई जास्त झाली तर ती जास्तीची मात्रा; ती निविदेपेक्षा 25 टक्क्यांच्या वर गेली की बी-1 चं कलम 38 बघा. पण पाया बदलावा लागला, मुरूम भराव किंवा अंडर-रीम्ड पाइल (खाली फुगीर बुंधा असलेले काँक्रीटचे खांब) घ्यावे लागले, तर ते नवं काम. त्याच कराराच्या कलम 14 खाली आदेश आणि दर ठरवून घ्या. डिझाइन खात्यानंच द्यायचं, तुम्ही मनानं बदलू नका.

"जागा पाहून दर भरलाय ना?" असं ते म्हणणारच. खरं सांगायचं तर आपल्या भागात काळी माती निघाली ही नवलाई नाही, त्यावर भांडलात तर हराल. मुद्दा खोलीचा धरा. दीड मीटरचा आकडा खात्याच्या चाचणी खड्ड्यातून आला असेल तर त्या खड्ड्याची नोंद मागा. तो कुठे घेतला ते बघा. माझ्या माहितीतल्या एका कामात तो खड्डा शंभर फुटांवर, उंच मुरमाड भागात निघाला.

खर्च वाढला म्हणून करार कायद्याच्या कलम 56 चा आधार घेऊन काम सोडायचा विचारही करू नका. परवडत नाही एवढ्यानं करार सुटत नाही.

आणि हे आजच करा: तीन मीटरची उभी कड ठेवू नका, पायऱ्या पाडून कापा. उन्हात भेगा पडलेली काळी माती एका पावसात ढासळते, आणि तेव्हा खाली आपला मजूर असतो.