प्रत्येक बातमीवर शंका येते, हा आजार आहे का?

"यांना हल्ली एकही बातमी खरी वाटत नाही, मुलाशी त्यावरून रोज खटके उडतात, हा काही मानसिक आजार तर नाही ना?" असे सदाशिव पेठेतल्या एका निवृत्त अभियंत्यांच्या पत्नीने विचारले (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). हा प्रश्न मला अनेक घरांतून येतो आणि बहुतेकदा उत्तर "नाही" असेच असते. पुण्यात तर शंका घेणे हा दुर्गुण मानण्याची पद्धतच नाही.

या गृहस्थांची मुख्य शंका पाण्याविषयी होती. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही चारही धरणे भरल्याचे वर्तमानपत्रात छापून येते आणि त्याच आठवड्यात गुरुवारी नळ कोरडा राहतो, तेव्हा यांतले काहीतरी खोटे असलेच पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. मी वाद घातला नाही. कोणते उत्तर मिळाले तर आपले समाधान होईल, एवढे लिहून आणायला सांगितले. त्यांनी नेमका प्रश्न तयार केला आणि २००५ च्या माहिती अधिकार कायद्यानुसार दहा रुपये शुल्क भरून अर्ज दिला. ३० दिवसांच्या मुदतीत उत्तर आले, की गुरुवारी पाणी बंद ठेवले होते ते जलकेंद्रातील व जलवाहिन्यांच्या दुरुस्तीसाठी. धरणातला साठा आणि नळापर्यंतचा पुरवठा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनी मान्य केले, आणि लगेच गळतीत किती पाणी जाते याचा अर्ज लिहायला घेतला. हे मला प्रकृती उत्तम असल्याचे लक्षण वाटले.

काळजी वाटली ती "सगळेच विकले गेले आहेत" या त्यांच्या पालुपदाची, कारण त्याला कोणताही पुरावा पुरत नाही आणि ते म्हणणाऱ्याची तपासून पाहण्याच्या कष्टांतून सुटका होते. मध्यरात्रीपर्यंत वाहिन्यांवरच्या चर्चा पाहून त्यांची झोपही उडाली होती. रात्रीच्या जेवणानंतर बातम्या बंद आणि आठवड्याला एकाच शंकेचा पाठपुरावा, असे आम्ही ठरवले, मुलालाही "बाबा, चुकताय" ऐवजी "बाबा, हे कुठे तपासता येईल?" असे विचारायला सांगितले.

मात्र निवेदक आपल्यालाच उद्देशून इशारे देतो, किंवा घरची माणसे कटात सामील आहेत, असे कोणी ठामपणे म्हणू लागले, तर विलंब न करता मनोविकारतज्ज्ञांना दाखवावे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर त्यासाठी चोवीस तास विनामूल्य मार्गदर्शन मिळते.