फॉर्म भरताना पंचवीस टॅब उघडले की भलताच टॅब बंद होतो. उपाय काय?

बडोद्याच्या दांडिया बाजारात फॉर्म भरून द्यायचं दुकान, १३६६ पिक्सेल रुंदीचा लॅपटॉप, एकाच सरकारी साइटचे पंचवीस टॅब, आणि अर्धा भरलेला फॉर्म चुकून बंद होतो, असं तुम्ही लिहिलंय. यात दोष तुमच्या हाताचा नाही. १३६६ भागिले २५ म्हणजे एका टॅबला जेमतेम ५४ पिक्सेल. त्यातले १६ साइटच्या चिन्हाला जातात, जवळपास तेवढेच टॅब बंद करायच्या फुलीला. नावाला एखादं अक्षर उरतं. टॅब आणखी वाढले की क्रोम मागच्या टॅबांवरची फुली काढून टाकतं, पण निवडलेल्या टॅबवर ठेवतं. म्हणून सवयीने डबल क्लिक झालं, की पहिल्या क्लिकला टॅब निवडला जातो आणि दुसरा क्लिक तिथेच उगवलेल्या फुलीवर पडतो. लगेच कंट्रोल-शिफ्ट-टी दाबा. पान परत येतं; भरलेला मजकूर येईलच असं नाही.

टॅबांची पट्टी आडवी आहे तोवर हे होत राहणार, ती उभी करा. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये कंट्रोल-शिफ्ट-स्वल्पविराम दाबा. फायरफॉक्समध्ये मार्च २०२५ च्या १३६ व्या आवृत्तीपासून ही सोय सेटिंग्जमध्ये जनरलखाली आहे. ७६८ पिक्सेल उंचीत अठरा-वीस टॅब वाचता येतील असे मावतात. पट्टी रुंदी खाते, त्यामुळे जुन्या धाटणीच्या फॉर्मची उजवी बाजू पडद्याबाहेर जाते. कंट्रोल आणि वजा दाबून पान ९० टक्क्यांवर आणा.

तरीही नावं सारखीच दिसतील, कारण टॅबवर दिसतं ते साइटवाल्यांनी दिलेलं शीर्षक. टॅबवर राइट क्लिक करून ग्रुप करा आणि त्याला स्वतः नाव द्या: ‘टोकन १४, उत्पन्नाचा दाखला’. माणसाचं नाव नको, काउंटरपलीकडून ते वाचता येतं.

तुम्ही विचारलं नाहीत, पण मला खरी काळजी वेगळीच वाटते. टॅब वेगळे दिसले तरी एका साइटचं लॉगिन त्या सगळ्यांत एकच असतं. पहिल्या टॅबमध्ये एका गिऱ्हाइकाचं खातं उघडं असताना दुसऱ्यात दुसऱ्याचं उघडलंत, तर पहिला टॅब बाहेर फेकला जातो, किंवा त्याहून वाईट, तिथला ‘सेव्ह’ दुसऱ्याच्या खात्यात जातो. ग्रुप केल्याने हे टळत नाही. इन्कॉग्निटोने, म्हणजे क्रोमच्या खाजगी खिडकीनेही नाही, त्याच्या सगळ्या खिडक्या मिळून एकच लॉगिन धरतात. क्रोममध्ये वेगवेगळी प्रोफाइल (प्रत्येकाचं लॉगिन स्वतंत्र) करा, किंवा फायरफॉक्समध्ये तो बनवणाऱ्या मोझिलाचंच ‘मल्टी-अकाउंट कंटेनर्स’ एक्स्टेन्शन घ्या. त्यात प्रत्येक कंटेनरचं लॉगिन वेगळं राहतं आणि टॅबवर त्याच्या रंगाची रेघ येते. चार कंटेनर पुरतील; काम झालं की लॉगआउट करूनच पुढच्या गिऱ्हाइकाला तो द्या. डाउनलोड केलेल्या पीडीएफ मात्र सगळ्यांच्या एकाच फोल्डरमध्ये साठतात, त्या रोज दुकान बंद करताना पुसायला हव्यात.