टॅरिफचं कारण, राजीनाम्याची सही

ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचं आयातशुल्क 50 टक्क्यांवर नेलं. तेव्हापासून कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या फाउंड्री (धातूचं ओतकाम) कामगारांचे माझ्याकडे तेच ते प्रश्न येत आहेत.

प्रश्न : ऑर्डर नाहीत म्हणून आठ दिवस ले-ऑफ दिलाय, म्हणजे काम नाही म्हणून तात्पुरतं घरी बसवलंय. पगार मिळेल?

निम्मा मिळेल, तोही मूळ पगार आणि महागाई भत्त्याचा. वर्षभराची सलग सेवा आणि कारखान्यात किमान 50 कामगार हवेत. बदली कामगारांना मिळत नाही. गेटवर हजेरी लावायला सांगितली असेल तर रोज लावा, नाहीतर भरपाई जाते.

प्रश्न : युनियनचा पगारवाढीचा करार चालू आहे. निर्यात घटली म्हणून यंदाची वाढ रोखता येते?

नाही. करार मुदतीत दोघांवरही बंधनकारक असतो.

प्रश्न : साहेब म्हणतात, युनियनला सांगू नका, राजीनामा द्या, दोन लाख देतो, मार्केट सुधारलं की परत घेऊ. नव्या कायद्याने कुणालाही कधीही काढता येतं, असं व्हॉट्सअ‍ॅपवर आलंय. सही करू का?

करू नका. 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. कामगारकपातीसाठी सरकारची आगाऊ परवानगी पूर्वी 100 कामगारांच्या कारखान्याला लागायची, आता 300 च्या लागते, एवढंच खरं. त्याहून लहान कारखान्यालाही वर्षभर सेवा झालेल्याला काढताना कारण देऊन महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय सेवेच्या दर पूर्ण वर्षामागे 15 दिवसांची सरासरी मजुरी द्यावीच लागते. सर्वसाधारणपणे शेवटी लागलेला आधी जातो. राजीनामा दिलात की यातलं काहीच मागता येत नाही, कारण कायद्याच्या लेखी ती कपातच नसते. म्हणूनच राजीनामा आधीच टाईप करून ठेवलेला असतो! दोन लाखांची फोडही मागा. ग्रॅच्युइटी, शिल्लक रजा, बोनस हे तुमच्याच हक्काचे पैसे त्यात मिसळून आकडा फुगवतात. ‘परत घेऊ’ हेही लेखी मागा. सही करून वर्षाने माझ्याकडे येणारे फार आहेत. तोवर दबाव होता हे सिद्ध करणं कामगाराच्याच अंगावर आलेलं असतं. कागद घरी आणा, युनियनच्या पदाधिकाऱ्याला आणि कामगार कायद्याच्या वकिलाला दाखवा.

प्रश्न : परदेशातून पैसे आले नाहीत म्हणून ठेकेदाराने दोन महिने पगार दिला नाही.

ठेकेदाराने बुडवला तर जबाबदारी मूळ कंपनीवर येते. हजेरीकार्ड आणि पासबुकाचे फोटो काढून याच आठवड्यात सहायक कामगार आयुक्तांकडे अर्ज द्या.

प्रश्न : आम्हाला ले-ऑफ आणि आमचे पॅटर्न (साचे बनवायचे नमुने) मात्र युनियन नसलेल्या फाउंड्रीत चाललेत.

मग काम नाही हा दावा तपासायला हवा. पार्ट नंबर, गाडी, तारीख टिपून युनियनकडे द्या. गेटवर वाद घालू नका, त्यावरून शिस्तभंगाची नोटीस काढतात. पुढचं पत्र युनियनने वकिलाच्या सल्ल्यानेच लिहावं.